परत येण्याचा इरादा

दोन पाकिटं एकाच खिडकीतून, एकाच मुलीनं, एकाच वेळी पुढे सरकवली. मी माझं फोडलं, आत व्हिसा चिकटवलेलं पान बघितलं, 'झालं एकदाचं' म्हणालो आणि बायकोचं पाकीट न फोडताच पिशवीत टाकलं. तिचं काय वेगळं असणार? घर एक, बँक एक, जायच्या-यायच्या तारखा त्याच, विमानाचं आरक्षण तर एकाच कागदावर. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ती म्हणाली, "अहो, माझं तर बघा." बघितलं. पासपोर्ट होता तसाच कोरा आणि त्यात एक घडी घातलेला कागद. त्यावर आठ-दहा चौकोन छापलेले होते आणि एकाच चौकोनात फुली होती. फुलीसमोरचं वाक्य मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. अर्जदाराचा मुदतीत परत जाण्याचा इरादा विश्वासार्ह वाटत नाही. "काय म्हणतात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही गं, एक कागद कमी पडला." हे खोटं मी का बोललो ते मलाच कळेना. तिनं मान हलवली आणि पायऱ्या उतरायला लागली, कठड्याला हात न लावता, भराभर. गुडघे दुखतात म्हणून ती नेहमी एकेक पायरी सांभाळून उतरते. त्या दिवशी ती माझ्या आधी खाली पोचली होती आणि रस्त्याकडे बघत उभी होती.

खरं तर जायची गरज होती ती तिलाच. लेक तिकडे एकटी, सातवा महिना सरलेला, डॉक्टरांनी सक्त पडून राहायला सांगितलेलं, आणि जावई समुद्रात तेलाच्या विहिरीवर, बाळ झाल्यावर दोन आठवड्यांनी सुटणार. लेक फोनवर स्पष्टच म्हणाली होती, "बाबा, राग मानू नका, पण तुम्ही येऊन काय करणार? थर्मामीटर बघत बसाल. मला आई पाहिजे." आणि व्हिसा मिळाला थर्मामीटरवाल्याला. अर्ज भरून देणारा एजंट होता, प्रत्येक वाक्यात 'खात्रीनं' म्हणायची त्याला सवय, म्हणून आम्ही घरात त्याला खात्रीलायक म्हणत असू. तो म्हणाला, "काका, खात्रीनं सांगतो, याला काही अर्थ नसतो. गेल्या आठवड्यात दोघा जुळ्या भावांचा अर्ज होता, एकाला नव्वद दिवस दिले, एकाला नऊ. कोण बघतंय! पुन्हा भरू." मी म्हटलं, "अर्थ कसा नसतो? फुली घातलीय की. शाईनं घातलीय." माझं सगळं आयुष्य तपासण्यात गेलंय. मी पाण्याचे मीटर तपासतो. टेबलावर आठ मीटर ओळीनं जोडायचे, पाणी सोडायचं, पलीकडच्या टाकीत खरं किती पडलं ते काचेच्या नळीवर बघायचं आणि मीटर किती म्हणतोय ते बघायचं. शंभरात दोन इकडे-तिकडे चालतं. त्यापुढे गेला की लाल ठिपका, बाजूला. पास झाला की शिशाचं सील. सव्वीस वर्षांत एकदाही मी उगाच लाल ठिपका लावलेला नाही. मग त्या माणसानं, जो कोण असेल त्यानं, असाच बसल्या बसल्या लावला? त्याला काहीतरी दिसलं असणार. आमच्या कागदांत, नाहीतर तिच्या फोटोत. मी पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा तो फोटो काढून दिव्याखाली धरला. हसायचं नाही असा नियम असल्यानं ती हसली नव्हती. कान दिसायला हवेत म्हणून केस मागे घेतले होते. ती सरळ माझ्याकडे बघत होती आणि माझ्याशी तिची काही ओळख असावी असं वाटत नव्हतं.

त्यानंतर मी तिच्याकडे बघायला लागलो. म्हणजे आधी बघत नव्हतो असं नाही, घरात माणूस असलं की दिसतंच. पण आता मी तपासायला लागलो. तिनं कपाटातला एक कप्पा रिकामा केला होता. कधी केला? "जुने कपडे देऊन टाकले, उगाच जागा अडवत होते," ती म्हणाली. गॅलरीतल्या दोन कुंड्या शेजारणीकडे गेल्या. "पाणी कोण घालणार आपण गेल्यावर?" बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं, आणि तेच मला खुपत होतं. कामावरून आलो की तिच्या चपला दाराशी बाहेर तोंड करून ठेवलेल्या दिसत. नेहमीच तशा असतात का? मला आठवेना. मी त्या सरळ केल्या, म्हणजे आत तोंड करून ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बाहेर तोंड करून. मनात म्हटलं, शहाण्या, वेड लागलंय तुला, एकतीस वर्षांचा संसार आणि तू चपला काय बघतोस. पण कान ऐकतच होते. ती लेकीशी फोनवर बोलत असली की मी पेपर वाचायचा थांबायचो. "हो गं, येणार म्हणजे येणार," ती म्हणायची. "किती दिवस? बघू. आधी येऊ तर दे." बघू? तारखा तर ठरल्या होत्या. सहा आठवडे. मीच लिहिल्या होत्या.

खात्रीलायकानं सांगितलं होतं की या खेपेला तिच्या नावाचे कागद भरपूर लावा, इथे तिचं काय काय आहे ते दिसू दे. म्हणून एका दुपारी अर्धी रजा टाकून मी घरी आलो आणि लोखंडी कपाटातल्या सगळ्या फायली जमिनीवर काढल्या. माझ्या फायली बघून कुणीही कौतुक करावं. घराचा करार माझ्या नावावर. विजेचं बिल माझ्या, पाण्याचं माझ्या, टेलिफोन, गॅस, विमा, सोसायटीची पावती, सगळं एकाच नावावर. मीच तसं करून घेतलं होतं. दोन नावं घातली की दोन सह्या, दोन खेपा, कटकट नुसती. बँकेतलं खातं दोघांचं, पण पासबुकावर जागा एकाच नावाची, तिथेही मीच. दाराबाहेरच्या पाटीवर मी. तिच्या नावाचं एक पत्र शोधत मी तासभर बसलो होतो. एक लग्नपत्रिका, एक डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. बस्स. उद्या कुणी हे कागद घेऊन बसला तर त्याला खात्रीनं पटेल की या घरात एकटा पुरुष राहतो, नीटनेटका, जरा चिडका, वेळेवर बिलं भरणारा. मी तसा बसलेलो असताना स्वयंपाकघरात भांडं वाजलं आणि मी दचकून उभाच राहिलो. कोण आहे? पायांखाली सगळे कागद, माझंच नाव पन्नास वेळा, आणि आत कुणीतरी नळ सोडला होता. खरंच सांगतो, एक क्षण मला वाटलं की विचारावं, कोण आहे आत. मग ती हात पुसत दारात आली. "केवढा पसारा काढलाय! काय हवंय?" मी म्हटलं, "तुझं काहीतरी." ती म्हणाली, "माझं? यात?" आणि हसली. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

फायली आवरताना दुसरीच गोष्ट हाताला लागली. तिची सही पुष्कळ ठिकाणी होती. बँकेच्या कार्डावर, विम्यात वारस म्हणून, लेकीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर ओळीनं दहा वर्षं. आणि त्या सगळ्या सह्या मी केलेल्या होत्या. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. लेक दुसरीत असताना ही बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. तेव्हा कागद अडायला लागले म्हणून तिच्याच देखत मी पहिली सही केली, आणि ती म्हणाली, "अगदी माझ्यासारखी जमली की हो!" प्लास्टर निघालं, पण सवय राहिली. संध्याकाळी कागद घेऊन बसायचं, आधी माझी सही करायची, हात तसाच खाली न्यायचा आणि तिची करायची. तिला कशाला हाक मारायची, तिचे हात पिठात नाहीतर साबणात. पुढे पुढे तर मूळची सही कशी होती ते मी बघणंही सोडून दिलं, हात आपोआप जायचा. पासपोर्टचा अर्जही मीच भरलेला, त्यामुळे पासपोर्टवर छापलेली तिची सहीसुद्धा माझ्या हातची. आणि व्हिसाच्या पहिल्या अर्जावरची. म्हणजे परत येण्याचा इरादा नसलेली ती बाई कोण, असा विचार माझ्या मनात आला आणि मी फाईल मिटली.

पण मिटून काय उपयोग. त्या दीड महिन्यातला आणखी एक कागद होता, तो फाईलमध्ये नव्हता. लेक व्हायच्या आधीपासून ही नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होती. मोठा मूळ नकाशा काचेच्या टेबलावर पसरायचा, खालून दिवा, वर पारदर्शक कागद, आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवायची. नद्या, रस्ते, शेतांच्या हद्दी. तिचा हात इतका स्थिर होता की साहेब मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून पाहुण्यांना ओळखायला सांगत. नक्कल पुरी झाली की कोपऱ्यात तिची सही. मनगट मोडल्यावर हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात पूर्वीसारखा चालेलच असं नाही. लेक लहान, जाऊन-येऊन तीन तास, आणि मला बढती मिळालेली. मी राजीनामा लिहिला, चांगल्या भाषेत लिहिला, खाली तिची सही केली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन दिला. तिनं हो म्हटलं होतं. म्हणजे मी वाचून दाखवला तेव्हा ती खिडकीशी होती. ती नाही म्हणाली नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. की वाचून दाखवलाच नव्हता? तेवीस वर्षं मी गृहीत धरून होतो की दाखवला. आता त्या दुपारी बसून आठवायला गेलो तर खिडकी दिसते, प्लास्टरमधला हात दिसतो, पण माझा वाचण्याचा आवाज काही केल्या ऐकू येत नाही.

दुसऱ्या अर्जाची तारीख मिळवायला अकरा दिवस गेले. संगणकावर रिकामी वेळ दिसायची, बोट लावलं की नाहीशी. मिळाली तेव्हा बाळंतपणाला चार आठवडे उरले होते. नियम तोवर बदलले होते, किंवा नव्हतेही बदलले, माणूस बदलला होता. गेल्या खेपेला चाललेला फोटो आता मोठा ठरला. पहिल्या वेळी आग्रहानं मागितलेलं लेकीचं आमंत्रणपत्र कुणी हातातही धरेना. एका खिडकीवर मूळ कागद मागितले, दुसऱ्या खिडकीवर मूळ कागद आणले म्हणून झापलं. आणि मग खात्रीलायकाचा फोन आला, "काका, या महिन्यापासून अर्जावर सही तिथेच, समोर करावी लागते. पासपोर्टशी ताडून बघतात. काकूंना काय, खात्रीनं दोन सेकंदांचं काम." मी फोन ठेवला. बायकोला टेबलाशी बसवलं, कोरा कागद दिला. "कर बरं तुझी सही." तिनं पेन घेतलं, टोक कागदावर टेकवलं आणि ती थांबली. मग वर बघून मला म्हणाली, "कशी करते हो मी?" चेष्टा नव्हती ती. मी पासपोर्ट उघडून समोर ठेवला. "ही बघ, अशी. पहिलं अक्षर जरा तिरकं, मग न उचलता शेवटपर्यंत." ती बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, तुला काय अवघड आहे? तू तर अख्खे जिल्हे उतरवायचीस." ती म्हणाली, "हो, उतरवायचे." तिनं एकदा केली. जवळजवळ आली, पण शेवटची रेघ भलतीकडे गेली. दहा वेळा केली आणि दहाही वेळा शेवटची रेघ भलतीकडे. मी तिचं मनगट धरून करून घेतली, लेकीला अक्षरं शिकवताना धरायचो तसं. मनगट जिथे मोडलं होतं तिथे हाडाचा उंचवटा लागला. तिनं हात सोडवून घेतला नाही. पण तो हात माझ्या हातात होता तेवढा वेळ त्यात कुणी नव्हतंच. "येईल," ती म्हणाली. "तिथे गेल्यावर येईल."

त्या खिडक्यांच्या हॉलमध्ये आवाज फार नसतो. शंभर माणसं मांडीवर फायली घेऊन बसलेली असतात आणि भिंतीवरच्या लाल आकड्याकडे बघत असतात. सगळे जण व्हिसाच्या फोटोतल्यासारखे बसतात, हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत. आमचा आकडा लागला. खिडकीतली बाई तरुण होती, सर्दी झालेली, घसा खरवडत बोलणारी. तिनं कागद चाळले आणि अर्ज फिरवून पुढे ठेवला. "इथे सही करा." बायकोनं पिशवी माझ्याकडे दिली, बसायची खुर्ची पुढे ओढली, उजवी बाही थोडी वर घेतली. मग तिनं सही केली. एका दमात, न अडखळता. मी वाकून बघितलं. ती पासपोर्टवरची नव्हती. आम्ही दोन दिवस गिरवलेलीही नव्हती. उभी, बारीक, काळीभोर, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं. ती सही मी ओळखली. नकाशाच्या कोपऱ्यात असायची ती. बाईनं पासपोर्ट शेजारी धरला. "सही जुळत नाही." बायको म्हणाली, "नाहीच जुळणार." "म्हणजे? हीच तुमची सही?" "हो. ही माझी." "मग पासपोर्टवरची कुणाची?" बायकोनं पेन खाली ठेवलं. ती माझ्याकडे वळलीही नाही. फक्त हात मांडीवर ठेवून बसली. आणि मला कळलं की ती थांबली आहे. एक वाक्य बोललं असतं तर निभावून गेलं असतं. हात मोडला होता तिचा, गडबडते ती, पुन्हा करू द्या. मी ते तोंडात जुळवलंही होतं. तिनं नाही म्हटलं नसतं, तिनं कधी नाही म्हटलं होतं? मुकाट्यानं पेन उचललं असतं आणि माझी सही हुबेहूब उतरवली असती. तिला ती येत होती. घरी पहिल्यांदा गिरवली तेव्हापासूनच येत होती, हे मला तिच्या मांडीवरच्या त्या शांत हाताकडे बघून समजलं. खिडकीतली बाई घसा खरवडून म्हणाली, "कुणाची आहे ही?" मी म्हटलं, "माझी." माझाच आवाज मला परका वाटला. "पासपोर्टवरची माझी आहे. गेल्या अर्जावरची पण. सगळ्याच माझ्या आहेत."

मग एक मोठे साहेब आले, आतल्या खोलीत नेलं, कागद दिला, लिहा म्हणाले. मी लिहिलं. पत्नीच्या नावाने आजवर मी सह्या करीत आलो आहे. लिहायला बसल्यावर इतकं सोपं वाक्य निघालं ते. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि आणखी एक कागद पुढे केला. पत्नी मुदतीत परत येईल अशी पतीची हमी, असा एक नमुना त्यांच्याकडे छापलेलाच होता. त्यावर सही करून मी बाहेर आलो. माझाही पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. तिच्या पासपोर्टवर खुलासा जोडून बाकीचं तपासू, म्हणाले, कळवू. आठव्या दिवशी पाकिटं आली, या वेळी मी दोन्ही तिच्या हातात दिली. तिनं स्वतःचं आधी उघडलं. नव्वद दिवस. परत येण्याच्या इराद्याबद्दल एक शब्द नव्हता, जणू तो प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. माझ्या पासपोर्टातल्या व्हिसावर आडवा शिक्का होता, रद्द, आणि सोबतच्या कागदावर दुसऱ्याच चौकोनात फुली. अर्जदाराने दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. लाल ठिपका बरोबर जागी लागला होता. लेक फोनवर रडली, हसली, म्हणाली, "बाबा, तुम्हाला कसं नाकारलं हो? तुम्ही तर एवढे व्यवस्थित!" मी म्हटलं, "कोण बघतंय गं!"

ती जायच्या दिवशी मी सुट्टी घेतली. सकाळपासून घरात दोघांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे येत होते. औषधं घेतलीस का, चष्मा घेतलास का, तिथे उतरल्यावर फोन कर. ती सगळ्याला हो म्हणत होती. विमानतळाच्या दारात पहारेकऱ्यानं तिचं तिकीट बघितलं, मला हातानं अडवलं. ज्याच्याकडे तिकीट तोच पुढे. मी सामानाची गाडी तिच्या हातात दिली. ती वळली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "त्या साहेबांना तुम्ही लिहून दिलंत ना, मी परत येईन म्हणून?" मी म्हटलं, "मागितलं त्यांनी. नमुनाच होता छापलेला." ती म्हणाली, "मला विचारलं नाहीत." मागे माणसं खोळंबली होती, कुणाची तरी गाडी माझ्या टाचेला लागत होती. मी म्हटलं, "बरं, आता विचारतो. परत येशील ना?" तिनं गाडीवरची पिशवी नीट केली, पासपोर्ट पर्समध्ये ठेवला, पर्सची साखळी ओढली. चेहऱ्यावर राग नव्हता. रुसवा नव्हता. लेकीकडे निघालेल्या बाईची घाई होती आणि थोडं हसूही होतं. "पोचल्यावर सांगते," ती म्हणाली, आणि गाडी ढकलत आत गेली.